मुक्या साक्षीदाराचा दुभाषी

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वेळी आम्ही समुद्रकाठच्या एका गावी विज्ञान शिकवीत होतो. आठवीच्या वर्गास उकळत्या पाण्याचे तपमान मोजण्याचा प्रयोग दिला होता. चाळीस मुले, दहा तापमापी, आणि चार-चार मुलांचा एक गट, अशी व्यवस्था होती. सायंकाळी वह्या तपासावयास बसलो, तेव्हा एकोणचाळीस वह्यांत १०० अंश असा आकडा आढळला व एका वहीत १०३. दुसऱ्या दिवशी त्या मुलास आम्ही वर्गासमोर उभे केले, आणि पाणी कोणाच्या मुलाहिज्याखातर १०३ अंशांवर उकळत नसते, असे बोलून त्याचे गुण कापले. त्याने खाली मान घालून एवढेच म्हटले, “सर, मला तसेच दिसले.”

आठ दिवसांनी सामानाची मोजदाद करताना त्या गटाची तापमापी आमच्या हाती आली. तिच्यातील पाऱ्याचा धागा मध्येच तुटला होता, आणि वरचा तुकडा तीन अंश पुढे जाऊन बसला होता. म्हणजे त्या मुलाने जे पाहिले तेच लिहिले होते. त्याच्या गटातील इतर तिघांनीही १०३ हाच आकडा पाहिला असला पाहिजे. परंतु पुस्तकात १०० आहे म्हणून त्यांनी १०० लिहिले. खरे लिहिणाऱ्यास शिक्षा झाली आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवणाऱ्यांस पूर्ण गुण मिळाले! आम्ही वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली, ती त्याने मोठ्या मनाने केलीही. परंतु उपकरण न तपासता माणसास दोषी ठरविण्याचे पातक आमच्या हातून घडले, हे आम्ही अद्याप विसरलो नाही.

हा प्रसंग आज सांगण्याचे कारण असे की, शाळेतील तापमापीच्या दोषाने फार तर दोन गुण जातात. परंतु या जगात काही उपकरणे अशी आहेत की, त्यांच्या शब्दावर एखाद्या मनुष्याची दहा-वीस वर्षे, क्वचित त्याचा प्राणही, अवलंबून असतो. रक्ताच्या डागावरून अथवा केसाच्या मुळावरून मनुष्य ओळखणारी डीएनए-तपासणी हे त्यांतील सर्वांत नामांकित होय. वर्तमानपत्रात ‘डीएनए जुळला’ एवढे दोन शब्द छापून आले की, वाचणारा मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा होतो. हे दोन शब्द कसे तयार होतात, व ते उच्चारण्याचा अधिकार प्रयोगशाळेला कशाने प्राप्त होतो, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञास १९८४ च्या सप्टेंबरात असे दिसून आले की, डीएनएच्या काही भागांची ठेवण प्रत्येक मनुष्यात इतकी निराळी असते की तिच्यावरून त्याची ओळख पटावी. लवकरच या शोधाची कसोटी पाहण्याचा प्रसंग आला. त्याच परगण्यात १९८३ व १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या गुन्ह्याची कबुलीही दिली होती. जेफ्रीज यांच्या तपासणीने दोन्ही कृत्ये एकाच मनुष्याची आहेत, आणि तो मनुष्य हा मुलगा नव्हे, असे सिद्ध झाले. खरा गुन्हेगार पुढे सापडला व १९८८ साली त्यास शिक्षा झाली. विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे की, गुन्ह्याच्या तपासात या विद्येचा पहिला मोठा उपयोग गळ्यात फास घालण्याकडे झाला नसून तो काढण्याकडे झाला. आपल्या देशातही डॉ. लालजी सिंग यांनी १९८८ साली हैदराबाद येथे या कामी स्वतंत्र पद्धती सिद्ध केली. बोटांच्या ठशांची जगातील पहिली कचेरी १८९७ साली कलकत्त्यात निघाली होती, हे ध्यानात घेता मनुष्याची ओळख पटविण्याच्या शास्त्राशी आपला संबंध जुनाच म्हटला पाहिजे.

आता आजची पद्धती कशी आहे ती पाहू. आपल्या डीएनएत काही स्थाने अशी आहेत की, तेथे चार-पाच अक्षरांचा एखादा लहानसा शब्द पुनःपुन्हा आलेला असतो. तो किती वेळा आला आहे, हा आकडा माणसागणिक निराळा. प्रत्येक स्थानी आपणास दोन आकडे मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. कोणाचे १२ व १५, तर कोणाचे १३ व १३. एका स्थानावरील आकडे हजारो लोकांत सारखे निघतील. परंतु वीस-बावीस स्थानांवरील सर्व आकडे सारखे निघणे ही अतिशय दुर्मिळ गोष्ट होय. हे आकडे वाचण्यासाठी लागणारी सर्व द्रव्ये प्रमाणशीर भरलेली एक पेटी कारखान्यातून तयार येते. तिला प्रयोगशाळेत ‘किट’ म्हणतात; आपण संच म्हणू. ग्लोबलफायलर, पॉवरप्लेक्स फ्यूजन अशी त्यांची नावे असून ते एकाच वेळी २४ स्थाने वाचतात. संचातील द्रव्ये प्रथम त्या त्या स्थानांच्या कोट्यवधी नकला काढतात. मग यंत्रातील केसासारख्या बारीक नळीतून विजेच्या जोराने त्या नकला धावतात. आखूड पुढे जातात, लांब मागे राहतात, आणि पडद्यावर एकामागून एक शिखरे उमटतात. शिखराच्या जागेवरून आकडा कळतो.

डीएनए हा साक्षीदार खरा, पण मुका आहे. तो स्वतः काहीच बोलत नाही. त्याचे मनोगत न्यायासनास सांगतो तो हा संच, म्हणजे त्याचा दुभाषी. न्यायालयात परभाषिक साक्षीदार उभा राहिला, तर त्याच्या दुभाष्यास ती भाषा येते की नाही, हे आधी पाहावे लागते. साक्षीदार कितीही सत्यवचनी असो, दुभाषी कच्चा असेल तर न्यायाधीशाच्या कानी असत्यच पडणार. संचाची ही जी परीक्षा, तिलाच शास्त्रज्ञ ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. आपण तिला प्रमाणीकरण म्हणू. संच चालतो की नाही, एवढेच पाहणे म्हणजे प्रमाणीकरण नव्हे. तो कोठपर्यंत चालतो, कोठे अडखळतो आणि कोठून पुढे त्याचे बोलणे ऐकूच नये, हे आधीच ठरवून लिहून ठेवणे, हा त्याचा खरा अर्थ होय.

ही परीक्षा दोन वेळा व्हावी लागते. पहिली संच बनविणारा घेतो. दुसरी प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्या स्वतःच्या यंत्रावर, आपल्या स्वतःच्या माणसांकरवी घ्यावयाची असते. अमेरिकेत १९९८ सालापासून हा दंडकच आहे. कोणी विचारील की, नामांकित कारखान्याने एकदा पास केलेल्या मालाची पुन्हा परीक्षा कशाला? त्याचे उत्तर आमच्या माताभगिनी आमच्यापेक्षा चांगले देतील. एकाच चक्कीचे पीठ दोन घरी नेले, तरी दोन तव्यांवरच्या भाकऱ्या सारख्या भाजत नाहीत. तवा निराळा, आच निराळी, हात निराळा. तद्वत यंत्र निराळे, तेथील हवा निराळी व काम करणारा निराळा.

या परीक्षेतील काही प्रश्न येथे देतो. पहिला प्रश्न असा की, किती थोड्या द्रव्यावर हा दुभाषी बरोबर बोलतो? ज्याचे आकडे आधीच पक्के ठाऊक आहेत, अशा मनुष्याचा डीएनए घेतात. प्रथम एक नॅनोग्रॅम, म्हणजे सुमारे दीडशे पेशींत असतो तितका. मग त्याच्या निम्मा, त्याच्या निम्मा, असे करीत करीत दहा-पंधरा पेशींपर्यंत खाली येतात, आणि प्रत्येक पायरीवर तीच तपासणी अनेकदा करतात. जसजसे खाली यावे तसतसा एक चमत्कार दिसू लागतो. ज्याचे आकडे १२ व १५ आहेत, त्याचा कधी फक्त १२ उमटतो. १५ गळून जातो. हे ज्याला ठाऊक नाही तो म्हणेल की, या मनुष्याचे दोन्ही आकडे १२ आहेत. आणि मग निर्दोष मनुष्य दोषी अथवा दोषी मनुष्य निर्दोष ठरण्यास कितीसा उशीर? म्हणून प्रयोगशाळा स्वतःच्या अनुभवावरून एक उंबरठा ठरविते. शिखराची उंची त्या उंबरठ्याच्या खाली असेल, तर जोडीदार गळाला नसेलच असे म्हणावयाचे नाही. हा उंबरठा दुसऱ्याकडून उसना आणता येत नाही. तो आपल्याच यंत्रावर शोधावा लागतो.

दुसरा प्रश्न अडखळण्याचा. नकला काढताना कधी कधी एक शब्द गाळला जातो, आणि १५ च्या खऱ्या शिखराशेजारी १४ चे एक ठेंगणे, खोटे शिखर उभे राहते. या दोषास इंग्रजीत ‘स्टटर’ म्हणजे तोतरेपणा असेच नाव आहे. ते बहुधा खऱ्या शिखराच्या पंधरा टक्क्यांच्या आतच असते. परंतु प्रत्येक स्थानाचे प्रमाण निराळे. एकट्याच मनुष्याचा डाग असेल तर हा तोतरेपणा सहज ओळखू येतो. मात्र एकाच कापडावर दोघांचे रक्त असेल, आणि दुसऱ्याचे अगदी थोडे असेल, तर ते ठेंगणे शिखर दुसऱ्या माणसाचे की पहिल्याचा तोतरेपणा, हे कसे ठरवावे? त्यासाठी दोन ज्ञात मनुष्यांचे डीएनए समसमान, एकास तीन, एकास नऊ, एकास एकोणीस अशा प्रमाणांत मुद्दाम मिसळून पाहतात, आणि कोणत्या मिश्रणापर्यंत दोघे वेगळे ओळखता येतात, ते लिहून ठेवतात. त्यापलीकडच्या मिश्रणाविषयी ‘सांगता येत नाही’ असेच सांगावयाचे असते.

तिसरा प्रश्न सूक्ष्म वाचनाचा. टीएच०१ नावाच्या स्थानावर ९.३ व १० असे दोन आकडे आढळतात. त्यांच्या लांबीत फरक किती? डीएनएच्या केवळ एका अक्षराचा. उकाड्याने यंत्र जरा जरी डळमळले, तरी एकाचा दुसरा वाचला जाण्याचा संभव. म्हणून तोच नमुना आज, उद्या, परवा, निरनिराळ्या माणसांच्या हातून वाचवून घेतात.

चौथा प्रश्न आपल्या देशाला विशेष लागू पडणारा आहे. संचाची परीक्षा स्वच्छ नमुन्यांवर घेणे सोपे असते. परंतु गुन्ह्याच्या जागी सापडणारा डाग चिखलात, घामात अथवा पावसात भिजलेला असतो. मातीतील ह्यूमिक आम्ल, विजारीच्या जाड कापडातील निळीचा रंग आणि खुद्द रक्तातील तांबडे द्रव्य ही नकला काढण्याच्या कामात अडथळा आणतात. उन्हाने व दमटपणाने डीएनएचे तुकडे पडतात. मग लांब स्थाने आधी नाहीशी होतात आणि आखूड तेवढी उरतात. कोकणातील आषाढात चार दिवस पडून राहिलेले कापड जर तपासावयाचे आहे, तर संचाची परीक्षाही तशाच कापडावर घ्यावयास नको काय?

पाचवा प्रश्न हिशोबाचा. आकडे जुळले, परंतु असे जुळणे किती दुर्मिळ, हे सांगण्यासाठी त्या त्या समाजात कोणता आकडा किती लोकांत आढळतो, याची गणना हवी. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लग्ने जातीतल्या जातीत व ठरावीक घराण्यांत होत आली. अशा समाजात दोन अनोळखी माणसांचे आकडेही थोडे अधिक जुळण्याचा संभव असतो. परदेशच्या लोकसंख्येवरून काढलेले प्रमाण येथे जसेच्या तसे लावणे, म्हणजे परगावच्या मापाने आपले धान्य मोजण्यासारखे होय.

शेवटचा प्रश्न सर्वांत साधा, आणि आमच्या मते सर्वांत थोर. एका नळीत डीएनए मुळीच न घालता नुसते पाणी घालून तपासणीच्या सर्व पायऱ्या पार पाडावयाच्या. हा कोरा नमुना गप्प राहिला पाहिजे. तो बोलू लागला, तर समजावे की कोठून तरी परक्या मनुष्याचा डीएनए आत शिरला आहे.

हा कोरा प्रश्न न विचारल्याने काय घडते, याचे उदाहरण जर्मनीत घडले. २००७ साली हाइलब्रॉन शहरात एका तरुण पोलीस स्त्रीचा खून झाला. तिच्या मोटारीवर एका अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळाला. शोध घेता तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्स या देशांतील सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी सापडलेला होता. खून, घरफोडी, किरकोळ चोरी, सर्वत्र तीच स्त्री! तिला पकडून देणारास ३,००,००० युरोंचे इनाम लावण्यात आले. अखेर मार्च २००९ मध्ये उलगडा झाला की, अशी कोणी गुन्हेगार स्त्री नव्हतीच. डाग टिपण्यासाठी पोलीस जे कापसाचे बोळे वापरीत होते, त्यांवरच ते भरणाऱ्या कारखान्यातील एका कामकरी स्त्रीचा डीएनए लागलेला होता. बोळे निर्जंतुक होते. परंतु जंतू मेले म्हणजे डीएनए नाहीसा होतो असे नव्हे. दोन वर्षे पोलीस एका सावलीच्या मागे धावले. खुनाचे खरे धागेदोरे २०११ साली अगदी निराळ्याच दिशेला सापडले. या अनुभवानंतर अशा सामानासाठी २०१६ साली आयएसओ १८३८५ हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. न वापरलेले काही बोळे वेळोवेळी तपासून पाहिले असते, तर हा सारा खटाटोप वाचला असता.

दुसरे उदाहरण अधिक दुःखदायक आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी १९९८ साली सोळा वर्षांच्या एका मुलास पकडण्यात आले. पोलिसांच्या प्रयोगशाळेने डीएनए जुळल्याची साक्ष दिली, आणि पुढील वर्षी त्यास पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. नमुना एकाहून अधिक माणसांचा, मिश्र होता; त्यावरून जेवढे म्हणता येत होते, त्याहून पुष्कळ अधिक प्रयोगशाळेने म्हटले. २००२ साली बाहेरच्या तज्ज्ञांनी त्या प्रयोगशाळेची पाहणी केली, तेव्हा इतके दोष आढळले की डीएनए विभागास कुलूप लावावे लागले. २००३ साली फेरतपासणीत तो मुलगा निर्दोष ठरून सुटला. तोवर त्याच्या तारुण्याची सुमारे साडेचार वर्षे गजाआड गेली होती. येथे संचाचा दोष नव्हता. दुभाष्याला जे ऐकूच आले नव्हते, ते त्याच्या तोंडी घालण्यात आले, हा दोष होता.

आता स्वदेशाकडे वळू. महाराष्ट्राची मुख्य न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा मुंबईत कालिना येथे असून नागपूर, पुणे, नाशिक, अमरावती वगैरे ठिकाणीही तिच्या प्रयोगशाळा आहेत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा, असे ठरविले आहे. राज्यांना त्याच्या तयारीस पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. हे पाऊल स्वागतार्ह होय. परंतु याचा अर्थ असा की, पुढील काळात नमुन्यांचा ओघ कितीतरी वाढणार. डीएनए प्रयोगशाळांवर देखरेख करणारे मंडळ स्थापण्याचे विधेयक २०१९ साली लोकसभेत आले होते. ते २०२३ साली मागे घेण्यात आले. प्रयोगशाळांना आयएसओ/आयईसी १७०२५ या मानकाप्रमाणे मान्यता मिळविता येते, आणि त्यात पद्धतीचे प्रमाणीकरण अंतर्भूत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी एका अतिगंभीर खटल्यात असे दाखवून दिले की, डीएनए-अहवालाचा मूळ आधार काय, आणि तज्ज्ञाने त्या तंत्राचा उपयोग विश्वसनीय रीतीने केला की नाही, याची खालच्या न्यायालयांनी तपासणीच केली नव्हती. २०२५ च्या जुलैत त्याच न्यायालयाने नमुना घेतल्यापासून ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचावा, इत्यादी नियम घालून दिले. नमुन्याचा प्रवास सुरक्षित झाला, हे उत्तमच. आता तो ज्याच्या हाती पोचतो त्या दुभाष्याकडेही लक्ष जावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आमचे मत थोडक्यात असे. पहिले, कोणत्याही प्रयोगशाळेने नवा संच अथवा नवे यंत्र स्वतः प्रमाणित केल्यावाचून एकाही खटल्यात वापरू नये. दुसरे, त्या प्रमाणीकरणाचा सारांश, म्हणजे उंबरठा किती, मिश्रण कोठवर ओळखता येते आणि गणना कोणत्या समाजावरून केली, हा न्यायालयास व आरोपीच्या वकिलासही मागताक्षणी मिळावा. तिसरे, या कामासाठी प्रयोगशाळांना स्वतंत्र माणसे व वेळ मिळावा. ते रिकामपणाचे काम समजले जाऊ नये.

यावर काही आक्षेप येतील. एक म्हणेल, खटले तुंबून राहिले असता परीक्षेत महिने घालविणे ही चैन आहे. पीडित कुटुंबे वर्षानुवर्षे अहवालाची वाट पाहतात हे आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यांचे दुःख आम्ही हलके लेखीत नाही. परंतु कच्च्या अहवालावर मिळालेला निकाल वरच्या न्यायालयात टिकत नाही. मग त्या कुटुंबाच्या पदरी वाट पाहणेही येते आणि निराशाही. प्रमाणीकरणात गेलेले महिने एकदाच जातात. त्यांचा लाभ पुढील हजारो नमुन्यांस होतो.

दुसरा म्हणेल, आपल्या दुभाष्याचे दोष आपणच जाहीर केले तर धूर्त वकील त्यांचा आधार घेऊन अपराध्यांना सोडवतील. आम्हांस याच्या उलट वाटते. “दिव्याच्या उजेडात मला चेहरा दिसला, त्यापुढे अंधार होता, पुढचे मी सांगू शकत नाही,” असे म्हणणाऱ्या साक्षीदारावर न्यायाधीश अधिक विश्वास ठेवतो, की “मला सर्वच दिसले” म्हणणाऱ्यावर? स्वतःची मर्यादा सांगणारा साक्षीदार उलटतपासणीत टिकतो. डीएनए-तपासणी हे आजच्या न्यायकार्यातील अतिशय बलवान साधन आहे, याविषयी आम्हांस संशय नाही. जे साधन बलवान, तेच अधिक कसोशीने तपासावे, एवढेच आमचे म्हणणे. दुकानदाराच्या तराजूवर सरकारी शिक्का पाहिल्यावाचून आपण शेरभर साखर घेत नाही. मग ज्या तराजूत मनुष्याचे स्वातंत्र्य तोलले जाते, त्याचा शिक्का पाहण्यास संकोच का वाटावा?

प्रिय विद्यार्थ्यांनो, तुमच्यातील कोणी उद्या पोलीस अधिकारी होईल, कोणी वकील, कोणी कदाचित न्यायासनावर बसेल. कोणी पांढरा अंगरखा घालून अशाच प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत बसेल. त्या शेवटल्याचे नाव वर्तमानपत्रात येणार नाही. कोऱ्या पाण्याची नळी शंभर वेळा तपासून ती शंभर वेळा गप्प राहिली, अशी नोंद करणाऱ्याचा सत्कार कोण करतो? परंतु त्याच्या त्या शंभर कोऱ्या नोंदींवरच न्यायाधीशाची लेखणी विसंबून असते. पुस्तकात १०० आहे म्हणून १०० लिहू नका. दिसले तेच लिहा, आणि जे दिसले नाही ते दिसले नाही असेच लिहा.

पालकांसही एक विनंती आहे. मूल जेव्हा म्हणते, “मला तसेच दिसले,” तेव्हा ते खोटे बोलते असे ठरविण्यापूर्वी त्याच्या हातातील उपकरण एकदा पाहावे. आम्ही त्या वेळी ते पाहिले नव्हते.

असो. ती तुटक्या पाऱ्याची तापमापी आम्ही जपून ठेवली आहे. दरवर्षी जून महिन्यात प्रयोगाच्या पहिल्या तासास आम्ही कोणताच प्रयोग देत नाही. कपाटातील सर्व तापमापी बाहेर काढून मुले त्या आधी वितळत्या बर्फात व मग उकळत्या पाण्यात धरतात. कोणती किती चुकते, ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या त्या तापमापीच्या नळकांड्यावर चिकटवितात. मग वर्षभर ती चिठ्ठी वाचल्यावाचून कोणी आकडा लिहीत नाही, आणि आम्हीही ती वाचल्यावाचून कोणाचे गुण कापीत नाही.